देव माळावर का राहिला

भारतीय साहित्याची मुळं धर्मात आहेत, हे वाक्य मी तीस वर्षं मुलांना लिहून दिलं. अंबाजोगाईला कॉलेजात मराठी शिकवायला होतो. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एक झाड काढायचो. मुळाशी वेद, खोडाच्या जागी महाकाव्यं, मोठ्या फांद्यांना पुराणं, त्यापुढं संतांची मराठी, आणि पार टोकाला, हलणाऱ्या पानांत, लोकगीतं. पोरं ते झाड वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत जसंच्या तसं काढत. मी दहापैकी आठ मार्क देई. झाड देखणं असलं तर नऊ.

माझे वडील त्या पानांत बसत होते. आम्ही धनगर. पाटोदा तालुक्यात, डोंगर संपून माळ सुरू होतो तिथं आमचं गाव आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना सही येत नव्हती, अंगठा द्यायचे. पण आमच्या देवाची आख्खी ओवी त्यांच्या तोंडात होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची तर जत्रेचे तिन्ही दिवस पुरत नसत. देवाचं नाव ते उगाच घेत नसत, ‘थोरला’ म्हणत. मीही इथं तेच म्हणणार आहे. निदान एवढं तरी त्यांचं त्यांच्यासारखं राहू दे.

ही ओवी एकट्यानं म्हणायची नसते. पुढं बसलेला माणूस कानावर हात ठेवून एक ओळ म्हणतो. मागं बसलेले त्या ओळीचं शेपूट उचलतात आणि लांबवर ओढत नेतात. त्याला झील म्हणतात. आबांच्या मागं चाळीस वर्षं झील धरली ती त्यांच्या चुलत भावानं. ते माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांचा नेम असा, की पुढच्याची ओळ आपण तोंडात घ्यायची नाही. रानात मेंढरांमागं एकटे असले तरी नाही. ओळ ज्याला दिलेली असते त्याची, शेपूट झीलकऱ्याचं. लहानपणी मला हे हसण्यासारखं वाटायचं. दहाव्या वर्षी मी बीडला वसतिगृहात गेलो आणि मग हसण्यापुरताही त्यांच्यात बसलो नाही.

मी शिकलो, नोकरीला लागलो आणि पीएच.डी.साठी विषय शोधायला लागलो तेव्हा मात्र मला आबा आठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. माझे मार्गदर्शक सज्जन होते, अभ्यासू होते. विषय ऐकून खूश झाले. त्यांचं म्हणणं एकच होतं, की नुसती गाणी गोळा करून भागणार नाही, त्यांचं मूळ दाखवलं पाहिजे. मूळ म्हणजे पुराणातलं. धनगराच्या देवाची गोष्ट कुठल्या तरी संस्कृत ग्रंथातून निघाली आणि खाली येता येता तिची मोडतोड झाली, हे दाखवा, म्हणजे प्रबंध झाला. मला हे पटलं नव्हतं, असं आज खोटं कशाला सांगू. चांगलंच पटलं होतं. आपल्या घरातली वस्तू मोठ्या वाड्यातून आलेली निघावी, असं कुणाला वाटत नाही?

दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा मी गावी कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेऊन बसलो. आबा पुढं, नाना मागं, आणि माझं बटण. आबा म्हणत, नाना ओढत, मी कॅसेटची बाजू उलटत असे. सगळी ओवी निघाली, एक शेवटचा भाग सोडून. थोरला डोंगरावरून उतरला आणि माळावर का राहिला, हे त्या भागात येतं. आमच्यासाठी सगळ्या ओवीचा जीव तिथंच आहे, कारण देवाचं ठाणं माळावर आहे आणि आम्हीही माळावरचेच. तो भाग घ्यायच्या आधी मेंढरं गंगथडीला, गोदावरीकाठी, चरायला निघाली आणि दोघंही त्यांच्यामागं गेले.

पुढं प्रबंध द्यायची तारीख जवळ आली. त्याच सुमारास आबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आणलं. ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस ते माझ्या भाड्याच्या खोलीवर होते, एका डोळ्याला पट्टी, मांडीवर घोंगडं. नाना आले नव्हते. मेंढरं कुणीतरी राखायची होतीच. दुपारी जेवण झाल्यावर मी टेप लावला आणि म्हटलं, आबा, तेवढं शेवटचं सांगता का. त्यांनी माझ्याकडं एका डोळ्यानं जरा वेळ पाहिलं. मग नीट मांडी घातली, टोपी सारखी केली, कानावर हात ठेवला आणि ओळ म्हटली.

‘थोरला उतरला डोंगरावरून, माळावर थांबला.’

आणि थांबले. मी वाट पाहिली. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा म्हटली. मग हात कानावरून काढला, ‘बास’ म्हणाले आणि पाणी मागितलं.

मला वाटलं, वय झालं. औषधांची गुंगी असेल. मला दया यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर राग आला. तारीख तोंडावर आणि इथं म्हातारा अडकून बसलाय. वहीत मी लिहिलं, ‘येथे निवेदकास विस्मरण झाले.’ आबांना पुन्हा विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी ते गेले.

आता जे केलं ते सांगतो. शेवटचा भाग मी स्वतः लिहिला. चौदा ओळी. आबांच्या बोलीत, आबांच्या ठेक्यात. तेवढं माझ्या कानात होतं. गोष्ट मात्र पुराणातल्या गोष्टी ज्या साच्याच्या असतात त्या साच्यातून काढली. डोंगरावर एक ऋषी तप करत होता, थोरल्याकडून त्याचा अपमान झाला, ऋषीनं शाप दिला, ‘जा, धनगराच्या घरी जन्म घे, मेंढरं राख.’ म्हणून देव माळावर आला. झालं. मूळही दिसलं आणि फांदीही. मार्गदर्शकांना सबंध प्रबंधात तोच भाग सर्वांत जास्त आवडला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर लोकमानसावर पुराणांचा ठसा कसा खोल असतो, यावर माझ्याच चौदा ओळी मला वाचून दाखवल्या. मी मान हलवत ऐकल्या. नावामागं डॉक्टर लागलं. प्रबंधाचं पुस्तक झालं आणि ते ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन पडलं. मलाही वाटलं, पडलं ते पडलं, कोण बघतंय.

मध्ये एकदा वर्गात एका मुलीनं मला अडवलं होतं. अंबाजोगाईजवळच्याच खेड्यातली, बौद्ध घरातली. तिनं सांगितलं, की तिच्या आजीनं दीक्षा घेतल्यावर जात्यावरच्या ओव्यांतले सगळे देव काढून टाकले आणि त्यांच्या जागी नव्या माणसांची नावं घातली. चाल तीच राहिली, दळण तेच, आजीही तीच. मग सर, तिनं विचारलं, मूळ देवात होतं की ओवीत? तुमच्या झाडात माझी आजी कुठं बसती? प्रश्न फार चांगला होता. मी म्हणालो, हे अभ्यासक्रमात नाही. पोरगी खाली बसली आणि तिनं झाड वहीत उतरवून घेतलं. तिला चांगले मार्क पडले. तिचा चेहरा अजून आठवतो आणि आठवला की लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. त्याच सुमारास गावातल्या तरुणांनी ओवीचं मंडळ पुन्हा उभं केलं. आबांनंतर ते मोडलंच होतं. जुने झीलकरी एकेक करत गेले, नाना तेवढे उरले. मंडळात पुढं बसणारा पोरगा म्हणजे नानांचा नातू, माझा पुतण्या. पाटोद्याला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गळा चांगला आहे आणि चिकाटी त्याहून चांगली. त्यानं कुठूनतरी माझं पुस्तक मिळवलं, पानांचे फोटो काढून मोबाईलमध्ये घेतले आणि ओवी पाठ करायला बसला. पहिली दोन वर्षं जत्रेत सुरुवातीचे भाग म्हटले. नाना मागं बसून झील धरत. गावानं कौतुक केलं. मीही गेलो होतो, पहिल्या रांगेत बसून नारळ घेऊन आलो.

या वर्षी जत्रेच्या आठ दिवस आधी पुतण्याचा फोन आला. यंदा ओवी शेवटापर्यंत न्यायची असं मंडळानं ठरवलं होतं, पण आजा ऐकत नाही, म्हणाला. बाकी सगळ्याला झील धरतो आणि शेवटचा भाग आला की उठून जातो. चार दिवस झाले. विचारलं तर म्हणतो, ती ओवी मपली न्हाई. आज्याच्या झिलीशिवाय जत्रेत बसायचं म्हणजे गाव नाव ठेवणार. काका, तुमी मोठे, तुमचं पुस्तक, तुमी या आन् त्येंला समजून सांगा.

दगडाखाली हात माझा होता आणि तो काढायला मलाच बोलावलं होतं.

एसटीनं पाटोद्याला उतरेपर्यंत मी एक शब्द घोकत होतो. पाठभेद. आम्हा मास्तरांचा फार सोयीचा शब्द आहे. एकाच रचनेची दोन रूपं सापडली की आम्ही पाठभेद म्हणतो आणि दोन्ही खरी मानून टाकतो. नानांना सांगायचं, आबांनी मला वेगळं सांगितलं, तुमच्या ध्यानात वेगळं आहे, दोन्ही बरोबर. ओवी पार पडेल, जत्रा पार पडेल, माझं पुस्तक जिथल्या तिथं राहील.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही ठाण्यावर जमलो. लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड, आता त्यावर पत्र्याचं शेड आलंय. पोरं ढोल घेऊन बसली होती. नाना शेडच्या बाहेर, खांबाला टेकून, घोंगड्यावर. ऐंशी कधीच उलटली त्यांची. मी त्यांच्या पाया पडलो, शेजारी बसलो, तब्येतीचं विचारलं आणि हळूच पाठभेदावर आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मला गोष्ट विचारली, लहान पोराला विचारावी तशी. शाप कुनी दिला? ऋषीनं. कावून? अपमान झाला म्हणून. आन् शाप काय दिला? मी तोही सांगितला. सांगताना माझाच आवाज मला कसनुसा लागला.

नाना म्हणाले, “म्हंजे देव आमच्यात आला ती त्येला शिक्षा झाली म्हनून. आमच्यात ऱ्हानं ही शिक्षा हाय का रे मास्तर?”

रागावून नाही म्हणाले. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पोरांनी ढोलावरचे हात काढून घेतले. मला एकदम जाणवलं, की तीस वर्षं मी हेच शिकवत होतो. वरचं ते मूळ, खालचं ते पान. वरून जे खाली येतं ते पडतं, मोडतं, बाटतं. त्या झाडात देवाला आमच्यापर्यंत यायचं असेल तर शापाशिवाय वाटच ठेवली नव्हती मी. लिहिताना मला हे दिसलंच नाही. धनगराच्या पोटी जन्मलेल्या मला दिसलं नाही, याचं वाईट वाटतं.

“नाना,” मी म्हणालो, “त्या ओळी आबांच्या नाहीत. मी लिहिल्यात.”

पुतण्यानं मोबाईलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळू म्हणाला, “काका, मी पाठ केल्यात ह्या. शाळंतल्या पोरास्नी बी शिकिवल्यात.”

मी माफी मागितली. त्याची, मंडळाची आणि दगडाकडं तोंड करून त्याचीही. एकानं विचारलं, मग डॉक्टर कसे झाले तुम्ही? विचारायचा त्याला हक्क होता. मी म्हणालो, असाच झालो. कुणी हसलं नाही. एखादा हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी नानांना म्हणालो, की खरा भाग तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं ऐकलाय तुम्ही. त्यांनी मान हलवली. ओळ आपल्या तोंडात कधी बसवलीच नाही, म्हणाले. ती भावाची होती. आपल्याकडं शेपटं हायती तेवढी. मी म्हटलं, शेपटं तर शेपटं.

त्यांनी पोरांना ढोल धरायला सांगितलं. आधी काही आलं नाही. डोळे मिटून, मान खाली घालून ते ठेका ऐकत राहिले. मग बसल्या जागी जरासे पुढं झुकले, पुढं कुणीतरी बसलंय आणि त्याचा श्वास संपत आलाय असं ऐकल्यासारखे, आणि शेपूट आलं.

‘...मेंढी लंगडी गं.’

ढोल एका ओळीपुरता वाजला. नाना थांबले, ऐकत राहिले, पुन्हा झुकले.

‘...कळप गेला म्होरं.’

अशी एकामागून एक आली. ‘...येकली कशी टाकू.’ ‘...डोंगर हाका मारी.’ ‘...पाय मांडीवर घेतला.’ ‘...हितंच बसतो मी.’ मोजली तर नऊ भरली. मधल्या ओळी कुठंच नाहीत. तरी गोष्ट कळायला कुणाला अडचण आली नाही. थोरला कळप घेऊन निघाला होता. माळावर एक लंगडी मेंढी मागं राहिली. कळप पुढं गेला, डोंगर परत बोलवत होता आणि देव तिच्यापाशी बसला. कुणी शाप दिला नव्हता, कुणाचा अपमान झाला नव्हता. तो त्याच्या खुशीनं राहिला.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढ्या पुराणांच्या सूची चाळून मी ज्याचं मूळ शोधत होतो, ते कुठल्याच पोथीत नव्हतं, आणि ते दैवतच होतं, धर्मच होता, त्यात तिळभर शंका नाही. मी ते वाक्य मुलांना खोटं लिहून दिलं नव्हतं. मुळं धर्मातच होती. कुणाचा धर्म, आणि तो कुठं ठेवलेला असतो, एवढंच मी पाहिलं नव्हतं.

पुतण्यानं तिथंच ठरवलं. नव्या ओळी लिहायच्या नाहीत. मी सुचवणार होतो, शेपटांवरून ओळी जुळवता येतील, मला ते जमतं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी शब्द गिळला. जत्रेत त्या भागाला तो पुढं बसला, कानावर हात ठेवला आणि तोंड मिटून राहिला. ओळीच्या जागी नुसता ढोल वाजला आणि मग मागून सगळ्यांनी शेपूट उचललं. नऊ वेळा असंच झालं. बायका, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून सगळेच झील ओढायला लागले. शेवटचं ‘हितंच बसतो मी’ गावानं ओढलं तेव्हा नानांनी त्यांच्यात आवाज मिसळला नाही, नुसते ऐकत बसले. मला वाटलं, वाचलं एवढं तरी वाचलं.

दुसऱ्या दिवशी निघताना नाना फाट्यापर्यंत सोडायला आले. मला नको म्हणायचा धीर झाला नाही. चालता चालता मी त्यांना विचारलं, की आबा इतकं कसं विसरले. ऑपरेशनमुळं झालं असेल का. मेंढरांमागं असताना त्यांच्या तोंडून तो भाग नंतर कधी निघाला होता का.

नाना थांबले. म्हणाले, इसरला? त्यो कवा इसरला? मरायच्या आदल्या वर्सापत्तुर जत्रंत म्हनत व्हता की. तू कुठं येत व्हतास?

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. ओवी नुसती ऐकवायची असली तर कुणीही झील धरावी. पण ती द्यायची असली, बापानं पोराला, तर मधे तिसरा नसतो. देणारा शुद्ध होऊन, मांडी घालून एक ओळ म्हणतो. घेणाऱ्यानं तिचं शेपूट उचलायचं. उचललं की पुढची ओळ. नाही उचललं तर तीच ओळ पुन्हा, आणि नाही तर पुन्हा. तीनदा देऊनही शेपूट उचललं नाही तर देणाऱ्यानं थांबायचं. घेणाऱ्याला ती नको आहे असं समजायचं आणि परत त्याला विचारायचं नाही. आबांच्या बापानं आबांना अशीच दिली होती. आबा त्या वेळी अंबाजोगाईला निघाले तेव्हा नानांना सांगून गेले होते, की तू येत नाहीस तेच बरं, पोराला देऊन येतो.

“परत आला आन् मला म्हनला,” नाना म्हणाले, “पोराला नको हाय. त्येला लिवायचं हाय.”

आबा मला ते कधी बोलले नाहीत. दोन वर्षं होते त्यानंतर. सणासुदीला मी गावी जायचो, ते माझ्या ताटात वाढायला लावायचे, दवाखान्यातल्या डॉक्टरची चौकशी करायचे. एकदाही त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

एसटीत मला सगळं आठवत गेलं, वर्गात तोंडपाठ सांगितलेलं. वेदांना श्रुती म्हणतात, म्हणजे ऐकलेलं. पाठशाळेत गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतो, तेव्हा ऋचा पुढं सरकते. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की मागचे टाळकरी तो उचलतात. श्रावणात गावच्या मारुतीपुढं एक जण पोथीची ओवी वाचतो आणि थांबतो, दुसरा अर्थ सांगतो, मग पहिला पुढची वाचतो. हे सगळं मी शिकवलं. नोट्स काढून दिल्या. आणि माझा बाप मांडी घालून समोर बसला तेव्हा मला एक ओळ उचलता आली नाही.

घरी आल्यावर कपाटातून ती कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर केव्हाच बिघडला होता. बाजारातल्या एका दुकानदारानं ती मोबाईलमध्ये घेऊन दिली. इतक्या वर्षांत मी ती एकदाही ऐकली नव्हती. वहीत विस्मरण असं लिहून टाकल्यावर ऐकायचं कशाला?

ओळ स्पष्ट आहे. आबांचा आवाज खणखणीत आहे, आजारी माणसाचा मुळीच नाही. ‘थोरला उतरला डोंगरावरून, माळावर थांबला.’ मग ते थांबतात. दुसऱ्यांदा म्हणतात, जरा सावकाश, शेवटचा शब्द लांबवून, शिकवताना लांबवतात तसा. तिसऱ्यांदा आणखी सावकाश. आणि तिन्ही वेळा त्या शांततेत माझा आवाज येतो, शेपटाची जागा अडवणारा, अधीर:

“हं, पुढं.”